ठेंगणी मोटार व उंच सारथी

शौल राजाने आपले चिलखत दाविदाच्या अंगावर चढविले आणि त्या मेंढपाळाच्या पोरास त्यात धड पाऊलही टाकता येईना, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या तासास अनेकदा ऐकिली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मारुंजी येथे आम्ही नेमका याच्या उलट प्रसंग पाहिला. तेथे शौलासच दाविदाच्या चिलखतात शिरावयाचे होते.

हा शौल म्हणजे आमचा एक माजी विद्यार्थी. उंची सहा फूट तीन इंच. त्याने जुन्या इंग्रजी घाटाची, उघडी, दोन आसनांची एक लहानशी मोटार हौसेने विकत घेतली. तो तीत बसला तेव्हा समोरच्या काचेची वरची कड बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि डोके पाठीमागच्या पोलादी कमानीच्याही वर गेले. मिस्त्रीने तोडगा काढिला की, ही कमान डोक्यास लागते, ती कापूनच टाकू. तेव्हा त्याच्या मातोश्रींनी आम्हांस बोलावून घेतले; कारण, त्या म्हणाल्या, "त्याला त्रिकोणमिती तुम्हीच शिकवली आहे, सर."

ती कमान शोभेसाठी नसते. उघडी मोटार उलटली, तर तिचा भार चालकाच्या डोक्याऐवजी त्या नळीने झेलावा एवढ्याचसाठी ती असते. ती कापणे म्हणजे पावसात डोके भिजते म्हणून छप्पर उतरविण्यासारखे आहे.

या घाटाच्या मोटारींचा मूळ पुरुष म्हणजे कॉलिन चॅपमन या इंग्रज अभियंत्याने १९५७ साली काढलेली लोटस सेव्हन. वजन कमी केले की लहान इंजिनही मोटार वेगाने पळविते, हे त्याचे सूत्र होते. १९७३ साली तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर बनविली. अँबॅसेडर मोटारीत बसविले जात असे तेच १.८ लिटरचे इसुझू इंजिन त्यांनी तीत घातले व अंग फायबरचे केले. वजन वाचवावयाचे म्हणजे जागाही वाचविणे आले. म्हणून चालकाच्या पाठीस लागूनच मागचा आस असतो, बाजूस गिअरबॉक्सचा बोगदा असतो आणि पाय एका अरुंद पेटीत जातात. मोटार अंगरख्यासारखी अंगास बसते. आणि अंगरखा तर मापानेच शिवावा लागतो.

परंतु कोणते माप? येथेच बहुतेक लोक चुकतात. उंची विचारून भागत नाही. वर्गातील एकाच उंचीच्या दोन मुलांस बाकावर शेजारी बसवून पाहा. एकाचे डोके दुसऱ्याच्या वर दिसणे मुळीच नवलाचे नाही. एकाची उंची पायांत असते, दुसऱ्याची धडात. ज्याचे पाय लांब, त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडतात. ज्याचे धड लांब, त्याचे डोके कमानीवर जाते. दोघांचे उपाय निराळे. आम्ही आमच्या शौलास भिंतीशी ताठ बसवून टेप लाविला. बैठक ते माथा १०० सें.मी. भरले. रोग धडाचा होता.

"सर, पाठ मागे कलती केली तर?" त्याने विचारिले. प्रश्न चांगला होता. पाठ ३० अंश कलली, तर १०० सें.मी.चे धड उभ्या मापात सुमारे ८७ उरते. म्हणजे १३ सें.मी. वाचले. पण त्याच वेळी डोके ५० सें.मी. मागे जाते, आणि तेथे तर मागचा आस बसलेला! कोज्या जे देते त्याची किंमत ज्या वसूल करते.

छप्पर असलेल्या मोटारीत निराळी युक्ती चालते. फोर्ड जीटी४० हे नावच तिच्या ४० इंच उंचीवरून पडले. त्याच वंशाची मार्क ४ मोटार १९६७ साली ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डॅन गर्नी हा उंचापुरा अमेरिकन चालवणार होता. त्याच्या शिरस्त्राणासाठी छतास चक्क एक फुगवटा काढण्यात आला, आणि ए. जे. फॉइट याच्यासह त्याने ती शर्यत जिंकिली. आमच्या मोटारीस छतच नव्हते. तेव्हा वर वाढता येत नसेल तर खाली उतरावे, एवढाच मार्ग राहिला.

केटरहॅम कंपनी उंच गिऱ्हाइकांसाठी खोलगट तळ देते, आणि ११ सें.मी. अधिक रुंद असा सांगाडाही तिने काढिला आहे. येथे मात्र तळ वा सांगाडा कापणे आम्ही नाकारिले. एक तर मारुंजीच्या वाटेवरील गतिरोधक कोणाची गय करीत नाहीत; दुसरे, मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी-प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकास करिता येत नाही.

राहिले आसन. गादी, लोखंडी चौकट व सरकते रूळ मिळून बैठकीखाली १२ सें.मी. जात होते. ते सर्व काढून फेसाचे आसन ओतावयाचे ठरले. याची रीत मोठी गमतीची आहे. दोन द्रव जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र करितात. मिश्रण तापते व फुगू लागते, आणि चालकाने हात स्टिअरिंगवर व पाय पेडलांवर ठेवून त्या पिशवीवर स्तब्ध बसावयाचे. काही मिनिटांत त्याच्या पाठीचा साचाच तयार होतो. वाफ विषारी असते. म्हणून हे काम उघड्यावर, हातमोजे घालून व एकात एक दोन पिशव्या घेऊनच करावे. पट्ट्यांचे बोल्ट मात्र सांगाड्यातच पाहिजेत, तळाच्या पातळ पत्र्यात नव्हेत.

शर्यतीच्या मैदानांवर साधारण दंडक असा की, कमान शिरस्त्राणाच्या वर निदान ५ सें.मी. असावी. पूर्वी शिरस्त्राण कमानीच्या ६ सें.मी. वर जात होते. फेसाचा थर बैठकीखाली २ सें.मी. राहिला, म्हणजे तो १० सें.मी. खाली उतरला. पाणसळ लावून पाहतो तो ४ सें.मी.चेच अंतर! मातोश्रींनी स्वयंपाकघरातून पाव कापण्याची सुरी आणून दिली, आणि उरलेला एक सें.मी. तासून काढण्यात आला.

इतके झाल्यावर गुडघे तक्रार करू लागले. बैठक खाली गेली की गुडघे वर येतात, हे आम्ही आधी ध्यानात घ्यावयास पाहिजे होते. लहान व्यासाचे, काढघाल करिता येणारे चाक बसविल्यावर तेही सुटले. आत शिरणेही त्यामुळे सोपे झाले. पायांत त्याचे अकरा नंबरचे जाड बूट ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर एकदमच दाबीत होते. ते उतरवून अरुंद, पातळ तळव्याचे बूट घालण्याची सक्ती आम्ही केली.

आता एकच अडचण उरली आहे. त्याच्या धाकट्या बहिणीसही मोटार चालवावयाची आहे. तिची उंची पाच फूट एक इंच; भावाच्या साच्यात बसली की तिला समोरचा रस्ताच दिसत नाही. तिच्यासाठी निराळे आसन पुढील सुट्टीत ओतावयाचे आहे.