दारची फुलझाडे : ऊन सोसणारी आणि पाऊस काढणारी



इटियाडोहच्या लाभक्षेत्रात आम्ही गटभेटीला फिरतो तेव्हा बोलणे उसाचे असते. लागण कधी केली, खोडवा ठेवला का, तोडणीची पाळी कधी येणार, हेच विषय. ते आटोपले, चहा झाला, की पुष्कळ घरी घरची मंडळी विचारतात, "साहेब, आंगणात दिवसभर ऊन असते. तिथे टिकेल, पाणी कमी मागेल आणि दरवर्षी नव्याने लावावे लागणार नाही, असे एखादे फुलझाड सांगा ना."

प्रश्न वरवर हौसेचा वाटतो, पण तो पाण्याचा आहे. मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली गेले म्हणजे झाडाला घातलेली प्रत्येक बादली घरातल्या कोणाच्या तरी हातून, बहुधा बाईमाणसाच्या हातून, ओढलेली असते. गाढवी नदीवर धरण झाले, कालवे आले, तरी उन्हाळ्यात पाळी मिळेल की नाही हे त्या वर्षीच्या साठ्यावर ठरते. आणि मिळालेल्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा. म्हणून दारचे झाड निवडतानाही उसाची जात निवडतो तसा विचार करावा.

झाड वैशाखात मरते, तसे श्रावणातही मरते

कमी पाण्यावर जगणारी झाडे म्हणून शहरातल्या रोपवाटिकांत बरेच काही विकले जाते. त्यात लॅव्हेंडर, रोझमेरी अशी परदेशी नावेही असतात. ही झाडे भूमध्य समुद्राकाठची. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. गरमी आणि ओल त्यांना एकदम भेटत नाही. आपल्याकडे सगळे उलट. वर्षाकाठी १२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी उभे असते, तेव्हा आंगणातली मातीही रसरसलेली असते. त्यानंतर आठ महिने जवळजवळ कोरडे, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर.

म्हणजे आपल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. जे झाड नुसते उन्हाला कणखर आहे ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळे कुजून जाते. पाने पिवळी पडून माना टाकतात, आणि घरचे लोक पाणी कमी पडले समजून आणखी पाणी घालतात. तेव्हा झाड घेताना "ऊन सोसते का?" या प्रश्नाबरोबर "आमचा श्रावण काढील का?" हेही विचारलेच पाहिजे.

या मुलखात ही जाण नवी नाही. तलाव बांधणे आणि ऊस पिकवणे या दोन्ही कामांत कोहळी समाजाचे कसब जुन्या काळापासून नावाजलेले आहे. पाणी अडवायचे कुठे आणि वाट करून द्यायची कुठे, हे दोन्ही ज्याला कळले त्याचाच तलाव टिकला. आंगणाचेही तसेच आहे.

आधी माती पाहा

कन्हार जमीन पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. मोरांड आणि सिहार त्या मानाने सोपी. बरडी जमिनीला धानाच्या दृष्टीने कोणी विचारत नाही, पण पुढे सांगितलेल्या झाडांना तीच मानवते, कारण तिच्यात पाणी तुंबत नाही. तेव्हा आंगणाचा उंच, मुरमाड कोपरा या झाडांना द्या. कन्हार जमीन असेल तर सपाटीवर झाड लावूच नये. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत एक घमेले मुरूम आणि एक घमेले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा, आणि वर वीतभर उंचवटा करून त्यावर रोप लावा. एवढ्या एका वीतभर उंचीने पावसाळ्यातली मर पुष्कळ टळते.

कोणती झाडे लावावीत

बोगनवेल : मूळची दक्षिण अमेरिकेची, पण आता आपलीच झालेली. आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात. खरे फूल मधले लहानसे पांढरे. पाणी तोडले की बहर येतो आणि जास्त पाणी दिले की नुसती पाने वाढतात. काटेरी असल्याने कुंपणाला उत्तम. दोन वेलांत ८ ते १० फूट अंतर ठेवा. बहर ओसरला की छाटणी करा.

शंखासूर : तांबडी-पिवळी फुले, पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत. बियांवरून सहज येतो. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरावे. ५-६ फुटांवर एक झाड पुरे.

तरवड : पिवळ्या धमक फुलांचे हे झुडूप पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानावर आपोआप वाढते. आपल्या शेजारच्या तेलंगणाने हेच राज्यफूल मानले आहे आणि तिकडे बतुकम्माच्या सणात त्याला मानाचे स्थान असते. पाण्याची अपेक्षा फार थोडी. मात्र पाणी तुंबणारी जागा त्याला मुळीच चालत नाही. बरडी आणि उतार असेल तरच लावा.

पांढरा चाफा : फांदी लावली की येतो. फांदी तोडून आठवडाभर सावलीत ठेवावी, चीक वाळू द्यावा, मग लावावी. ओली फांदी जमिनीत कुजते. हिवाळ्यात पाने गाळतो, तेव्हा झाड मेले समजून उपटू नका. पान गाळणे हीच त्याची पाणी वाचवण्याची रीत. उन्हाळ्यात फुलांनी भरून जातो.

सदाफुली : नावाप्रमाणे बारमाही. मूळची मादागास्करची. १९५० च्या दशकात तिच्या पानांतल्या द्रव्यांवर संशोधन झाले आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली. पण ती औषधे कारखान्यात शुद्ध करून, मोजून, डॉक्टरच देतात. पाने चावून खाण्याचा उपाय घरी करू नये. ऊन हिला कितीही चालते, चिखल मात्र चालत नाही. पावसाळ्यात मुळे कुजून जाणारी म्हणून उंचवट्यावरच लावावी.

कोरांटी : काटेरी, पिवळ्या फुलांची, आपल्या रानातलीच. पावसाळा सरता सरता फुलू लागते. शेळ्या फिरतात तिथे हिची रांग उपयोगी पडते.

या सहांतली चार लावलीत तरी आंगणात बहुतेक महिने काही ना काही फुललेले राहील. उन्हाळ्यात बोगनवेल आणि चाफा, पावसात शंखासूर, थंडीत कोरांटी, आणि सदाफुली केव्हाही. उसाच्या भाषेत सांगायचे तर हा खोडवाच आहे. लागणीचा खर्च एकदाच, मग वर्षानुवर्षे पीक. मोगरा, जास्वंद, तगर यांचीही हौस असते. ती भागवावी, पण या झाडांना पाणी जास्त लागते. त्यांना न्हाणीचे सांडपाणी जाते तिकडे, सांदवाडीत जागा द्यावी.

कण्हेरीविषयी दोन शब्द

कण्हेर आपल्या दोन्ही परीक्षा चांगल्या गुणांनी पास होते. कारण ती मूळची ओढ्या-नद्यांच्या कोरड्या पडणाऱ्या पात्रातली. पुरात पाय आणि उन्हात डोके, अशी तिला पिढ्यान् पिढ्यांची सवय. महामार्गाच्या दुभाजकात तीच लावलेली दिसते. पण तिचे पान, फूल, फांदी, मूळ सगळे विषारी आहे आणि वाळलेले पानही तितकेच घातक. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, बी तर लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये. गोठ्याजवळ, गव्हाणीजवळ, वैरणीच्या गंजीजवळ कण्हेर नको. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका आणि चुलीतही घालू नका. खोल पुरा. एका फुलझाडापायी बैलजोडीतला एक बैल गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून हे परखडपणे लिहिले आहे. लहान मुले आणि मोकळी जनावरे असलेल्या घरी आम्ही कण्हेर सुचवत नाही.

घाणेरीही लावू नका. फुले सुंदर दिसतात, पण पाखरे बी नेतात आणि नवेगावच्या जंगलापर्यंत तण पसरते. जनावरांनाही तिची पाने बाधतात.

पाण्याचा हिशेब

"कमी पाण्याचे झाड" याचा अर्थ पहिल्या दिवसापासून पाणी नको, असा नाही. मुळे खोल जाईपर्यंत त्याला हात द्यावा लागतो. लागवड जूनअखेर, दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. पावसाळाभर आळे करू नका. दसऱ्यानंतर आळे बांधा आणि दिवाळीनंतर त्यात उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरा. खोडापासून वीतभर अंतर सोडा, म्हणजे वाळवी खोडाला लागणार नाही. पाचट जाळून टाकण्यापेक्षा हा उपयोग कितीतरी चांगला.

मोठ्या झुडपाला पहिल्या उन्हाळ्यात ५-६ दिवसांनी एक बादली, दुसऱ्या उन्हाळ्यात १०-१२ दिवसांनी, आणि तिसऱ्यापासून पान मलूल दिसले तरच. सदाफुली लहान मुळांची. तिला मे महिन्यात आठवड्यातून दोनदा तांब्या-दोन तांबे द्यावे. पाणी सायंकाळी द्या. युरिया देऊ नका. त्याने पाला माजतो, फूल येत नाही आणि झाडाची तहान वाढते.

काही सभासदांना नव्या बंगल्यापुढे हिरवळ करायची असते. त्यांनी एवढे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात हिरवळीतून दिवसाला ५ मिलिमीटर तरी उडून जाते. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद हिरवळीला रोज ५०० लिटर, म्हणजे दहा दिवसांत ५००० लिटर लागले. त्याच जागेत दुसऱ्या वर्षाची वीस झुडपे, दर झाडी १५ लिटरची एक बादली धरून, दहा दिवसांत ३०० लिटरमध्ये भागतात. राहिलेल्या पाण्यावर घरच्या जनावरांचे पिणे होते.

रोपे विकत घेण्याची घाई करू नका. बोगनवेल आणि चाफा फांदीवरून येतात, शंखासूर, तरवड आणि सदाफुली बियांवरून. गावात कोणाच्या ना कोणाच्या कुंपणावर यातले एखादे झाड उभेच असते. मृगाआधी शेंगा वेचून ठेवा, फांदी मागून ठेवा आणि आपल्याकडची शेजाऱ्याला द्या. उसाच्या बेण्याची देवाणघेवाण आपण करतोच, फुलझाडांचीही करावी.

— ऊस विकास अधिकारी