निरोगी वाहक

विषमज्वराचे जंतू अंगी बाळगणारा मनुष्य स्वतः ठणठणीत असू शकतो. त्याच्या हातचे अन्न खाणारे मात्र आजारी पडतात. कार्यालयातील संगणकांच्या जाळ्यात लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या फाईल-सर्व्हरची स्थिती पुष्कळदा अशीच असते.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेल्या कामातून 'सांबा' ही आज्ञावली उभी राहिली आणि तिच्या साहाय्याने विंडोजचे संगणक अशा सर्व्हरवरील फायली स्वतःच्याच असल्याप्रमाणे वापरू लागले. विंडोजसाठी रचलेला विषाणू लिनक्सवर सहसा चालत नाही. सर्व्हरच्या लेखी ती इतरांसारखीच एक फाईल. परंतु तीच फाईल शेजारच्या मेजावरील संगणकात उघडली, की विषाणू जागा होतो. म्हणून सर्व्हरवरील तपासणी ही मुख्यतः त्याच्या शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी असते.

ही तपासणी कशी होते? २००२ पासून विनामूल्य मिळणारी 'क्लॅमएव्ही' ही आज्ञावली प्रत्येक फाईल ज्ञात विषाणूंच्या ओळखखुणांशी ताडून पाहते. रात्री सर्व साठा तपासणे हा एक मार्ग. फाईल उघडली जात असतानाच तिला अडवून पाहणे हा दुसरा. पहिल्यात विषाणूस दिवसभराची मोकळीक मिळते, तर दुसऱ्यात काम काहीसे मंदावते. खुणांची यादी नित्य अद्ययावत न केल्यास दोन्हींचा उपयोग झपाट्याने घटतो.

सर्व्हर स्वतः अभेद्य असतो असेही नव्हे. मे २०१७ मध्ये खुद्द सांबातच एक दोष उघडकीस आला. लिहिण्याची मुभा असलेल्या जागी विशिष्ट फाईल ठेवून ती सर्व्हरकडून चालवून घेता येत असे. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत तो दडून होता. अशा दोषावर सुधारित आवृत्ती बसविणे हाच खरा उपाय होय.

त्याच महिन्यात 'वॉनाक्राय'ने अनेक देशांतील विंडोज संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. या जातीचा विषाणू कर्मचाऱ्याच्या संगणकावर चालतो आणि त्याच्याच अधिकाराने सर्व्हरवरील फायलीही बिघडवतो. विषाणूची मूळ फाईल सर्व्हरवर येतच नाही. मग तपासणीस ती सापडणार कशी? येथे दोनच गोष्टी तारतात: प्रत्येकास कामापुरताच लिहिण्याचा अधिकार, आणि जाळ्यापासून अलग ठेवलेली फायलींची प्रत. ती प्रत परत वापरता येते की नाही, हे संकटापूर्वीच पडताळून पाहिलेले बरे.