स्वस्त बास गिटार : भावात काय धरलेले नसते?

मुलाने ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी इलेक्ट्रिक बास गिटार मागितली, की दुकानात वडिलांचा पहिला प्रश्न भावाचा असतो. तो रास्तच आहे. पण या वाद्याच्या भावात काय धरलेले नसते, हे गिऱ्हाइकाने आणि आपल्या कारागीर बंधूंनीही समजून घ्यावे.

हे वाद्यच मुळी बिनकोरीव. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळचा उभा डबल बास माणसाएवढा, न्यायला अवघड आणि ड्रमपुढे ऐकू न येणारा. फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ आणली. भरीव लाकडी फळी, स्क्रूने आवळलेली मान, चार तारा, तारेची लांबी ३४ इंच. मानेवर पडदे, म्हणजे फ्रेट, असल्याने सूर नेमका लागतो, म्हणून हे नाव. असा माल यंत्रावर ठोक निघतो. १९८२ मध्ये फेंडर कंपनीने जपानमध्ये ‘स्क्वायर’ हा स्वस्त शिक्का सुरू केला. पुढे त्याचे उत्पादन कोरिया, चीन, इंडोनेशिया येथे गेले.

यंत्र लाकूड मोठ्या वाद्याइतकेच सफाईने कापते. बचत होते ती शेवटच्या हातकामात. पडद्यांची टोके घासलेली नसतात, तारांच्या खाचा उथळ राहतात, तारा उंच बसतात. शिकणाऱ्याची बोटे दुखतात आणि महिन्याभरात वाद्य कपाटावर जाते. दोष मुलाच्या माथी!

म्हणून दुकानात तळहात मानेच्या कडेवरून फिरवून पाहावा. टोचले तर पडदे घासायचे आहेत. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागला पाहिजे. थोडा फरक असेल तर घोडीचा स्क्रू पुढे-मागे करून तो निघतो. चार तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे असतो, त्याने मान वाकते. ती सरळ ठेवणारी लोखंडी सळई, ट्रस रॉड, फिरते की नाही हे दुकानदाराकडूनच बघून घ्यावे. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मान हलते, ही लाकडाची जातच आहे.

हे सारे काम म्हणजे मिरजेच्या सतारमेकरांच्या जवारीचाच भाऊबंद. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावता लावता एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हाताला कानस आणि कान दोन्ही समजतात, त्याला बासचे पडदे परके नाहीत. वाद्यांच्या दुकानाशेजारी बसून असे काम घेणाऱ्याला मजुरी मिळावी असे आम्हांस वाटते. विकणारे पुष्कळ, लावून देणारे थोडे.

तारांवर फार खर्च नको. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीचे नामवंत बासवादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसत.

अँप्लिफायर मात्र बासचाच घ्यावा. सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. साध्या गिटारच्या लहान स्पीकरवर तो मोठ्याने वाजवला तर स्पीकर फाटू शकतो. हेडफोनची सोय असलेला मिळाला तर उत्तम, शेजारीपाजारीही खूश.