घरचा अभ्यास कोणाचा?

शाळेतून पोरांना घरचा अभ्यास मिळतो. तो कशासाठी असतो? पोराला काय येते अन् काय येत नाही, हे गुरुजींना कळावे म्हणून.

हे गणित बघा. ४२ मधून १७ वजा करायचे. पोरीने उत्तर लिहिले ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. मग चारातून एक काढला. म्हणजे दशक सुटा कसा करावा, हे तिला समजलेले नाही. वहीत ३५ दिसले की गुरुजी हे ओळखतात. दहा काड्यांची जुडी सोडून तिला पुन्हा समजावतात.

पण वडिलांनी रात्री ३५ खोडून २५ लिहिले तर? पोर मागे पडू नये, म्हणूनच ते लिहितात. आम्ही पुष्कळ वर्षे वह्या तपासल्या. बापाचे अक्षर ओळखू येते, पण पोरीची चूक काय होती ते कळत नाही. ती चूक तशीच राहते अन् पुढे भागाकारात आडवी येते.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. पोरगं पहिल्यांदा रोवणीला उतरले, की त्याची ओळ वाकडी जाते. त्याची ओळ आपणच रोवली, तर त्याचा हात कधी बसेल?

२०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली ते आठवीच्या पोरांच्या वर्षभराच्या कामाची नोंद होऊ लागली. त्यात प्रकल्पही आले. काही घरी आईबापच दुकानातून चित्रे आणून चिकटवतात. विषय धानाचा असेल, तर पोराने बांधीतून लोंबी आणावी. आजीला विचारून आपल्या अक्षरात लिहावे.

मग आपण काय करावे? रोज थोडा वेळ पोराजवळ बसा. धडा मोठ्याने वाचायला लावा. तुम्हीही नुकतेच वाचू लागला असाल, तर तुमचाही सराव होईल. गणित अडले तर "कसे केलेस?" एवढे विचारा. तरी सुटले नाही, तर तसेच राहू द्या अन् गुरुजींना सांगा.

शाळेत तुमचेही काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी निदान तीन सभासद पालक असतात. निम्म्या सभासद बाया असतात. शाळेत गुरुजी पुरेसे आहेत काय, पाणी आहे काय, छत गळते काय, हे तिथे विचारा. पोराला ते विचारता येत नाही. वहीतले उत्तर मात्र त्यालाच लिहू द्या.