सुटकेचा शेकडा

१९३५ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून निघणाऱ्या गुन्हेशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख छापून आला. पॅरोलवर सुटलेला माणूस बाहेर नीट वागेल की पुन्हा आत येईल, याचं भाकीत करता येतं का आणि त्या भाकिताला शास्त्र म्हणावं का, असा त्याचा विषय. लेखकाचं नाव विल्यम एफ. लॅन. पण लॅन नावाचा माणूसच नव्हता. लेख लिहिणारा जोलिएटजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैदी होता. शिक्षा जन्मठेप, आणि वर आणखी ९९ वर्षं. खरं नाव नेथन लिओपोल्ड.

लिओपोल्ड आणि लोब ही जोडनावं अनेकांना हिचकॉकच्या ‘रोप’ चित्रपटामुळे ठाऊक असतात. मीही तिथूनच या प्रकरणात शिरलो. शिकागोतली दोन श्रीमंत, अतिहुशार पोरं. एक १९ वर्षांचा, दुसरा १८. १९२४च्या मे महिन्यात त्यांनी बॉबी फ्रँक्स या १४ वर्षांच्या मुलाला पळवून ठार मारलं. वकील क्लॅरन्स डॅरोने त्यांची फाशी टाळली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. लोब १९३६ साली तुरुंगातच मारला गेला, हेही पुष्कळांना माहीत असतं. लिओपोल्डचं पुढे काय झालं ते शोधत गेलो तेव्हा मला हा लॅन भेटला आणि त्याच्या मागोमाग अमेरिकेतल्या पॅरोल मंडळांचा सगळा इतिहास. आज तिथे राज्याराज्यांतल्या सुटकेच्या टक्केवारीवरून वाद झडतात. त्या वादाचं मूळ मला याच तुरुंगात सापडलं.

आपल्याकडचा पॅरोल वेगळा. महाराष्ट्रात संचित रजा आणि अभिवचन रजा असतात. कैदी रजेवर घरी जातो आणि मुदत संपली की परत येतो. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढणं. न्यायाधीश ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशी सैल शिक्षा सुनावणार आणि माणूस नेमका केव्हा सुटणार ते मंडळ ठरवणार. नॉरफोक बेटावरचा मॅकोनोची, आयर्लंडमधला क्रॉफ्टन, १८७६ साली न्यूयॉर्क राज्यात उघडलेलं एल्मायराचं सुधारगृह ही या कल्पनेची वंशावळ पाठ्यपुस्तकांत सापडते. मंडळाने हे ठरवायचं तरी कशावरून, हा प्रश्न मात्र पहिली अनेक वर्षं कोणी धसाला लावला नव्हता.

तो लावला इलिनॉयने. १९२०च्या दशकात तिथल्या पॅरोल मंडळावर टीकेचा भडिमार चालू होता. मंडळाचे अध्यक्ष हिंटन क्लेबॉ यांनी विद्यापीठांतल्या अभ्यासकांना पाचारण केलं. त्यांचा अहवाल १९२८ साली आला. त्यातलं अर्नेस्ट बर्जेस या शिकागोच्या समाजशास्त्रज्ञाचं प्रकरण आजही वाचण्यासारखं आहे. बर्जेसने पाँटिअॅक, मेनार्ड आणि जोलिएट या तीन तुरुंगांतून सुटलेल्या प्रत्येकी १,००० कैद्यांची कागदपत्रं काढली. प्रत्येकाबद्दल २१ बाबी तपासल्या: गुन्हा कोणता, साथीदार किती, लग्न झालंय का, कामधंद्याचा इतिहास काय, तुरुंगात शिक्षा किती झाल्या, न्यायाधीशांनी शिफारस केली होती का. ज्या बाबीत माणूस सरासरीपेक्षा बऱ्या गटात पडे, तिथे त्याला एक गुण. सगळ्या बाबींचं वजन सारखंच. शेवटी बेरीज. १६ ते २१ गुण मिळवलेल्यांपैकी पॅरोल मोडणारे शेकडा दीड निघाले आणि २ ते ४ गुण मिळवलेल्यांपैकी शेकडा ७६.

दीड आणि शहात्तर! हे आकडे पाहून मंडळाला काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. विमा कंपनी आयुष्याचा अंदाज बांधते, तसा आता माणसाच्या वर्तनाचा अंदाज बांधता येणार होता.

तक्ता जवळून पाहिला की मात्र अस्वस्थ व्हायला होतं. २१ बाबींत एक बाब होती बापाचं राष्ट्रीयत्व. दुसरी होती ‘सामाजिक प्रकार’. तिच्यात माणसांचे कप्पे पाडले होते: भटक्या, निरुद्योगी, दारुडा, टोळीवाला, नुकताच देशात आलेला, शेतकऱ्याचा पोरगा, नशाबाज. पोलिसांच्या आणि तुरुंगातल्या कारकुनांच्या नोंदींतून उचललेले हे शिक्के आता गणिताचा भाग झाले. जन्माने आलेली गोष्ट सुटकेच्या हिशेबात धरली जावी, हे मला त्या काळाची समजूत जमेस धरूनही पटत नाही. बर्जेसचा हेतू चांगला होता. मंडळाची लहर, वशिला आणि राजकारण यांना त्याला आळा घालायचा होता, आणि तेवढ्यापुरता त्याचा तक्ता खरोखरच पुढचं पाऊल होता.

१९३०च्या दशकात इलिनॉयच्या तुरुंगांत ‘समाजशास्त्रज्ञ-अॅक्च्युअरी’ अशी चमत्कारिक पदं निर्माण झाली. स्टेटव्हिलमधल्या त्या जागेवर फेरिस लॉन नावाचा अभ्यासक आला. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत दुर्लक्षित माणूस. लॉनने एक धाडसी विचार केला: कैद्याला सर्वांत चांगलं कोण ओळखतं? अधिकारी नव्हेत, त्याच्या शेजारच्या कोठडीतला कैदी. म्हणून त्याने कैद्यांनाच विचारलं की अमुक माणूस सुटला तर सुधारण्याची शक्यता शेकडा किती? मग हे अंदाज कशावरून बांधले गेले, त्याची उलटतपासणी करून त्यातून नव्या बाबी वेगळ्या काढल्या. १९३६ साली यावर त्याचं पुस्तक निघालं. या कामात त्याच्याबरोबर राबणारा कैदी होता लिओपोल्ड. म्हणजे जन्मठेपेचा कैदी इतरांच्या सुटकेचं गणित मांडत होता आणि टोपणनावाने त्या गणिताच्या शास्त्रीयतेवर लिहीत होता. तुरुंगाच्या इतिहासात याला तोड मला तरी सापडलेली नाही.

पुढे त्याच मंडळापुढे बसण्याची पाळी खुद्द लिओपोल्डवर आली. दुसऱ्या महायुद्धात स्टेटव्हिलमध्ये हिवतापाच्या औषधांचे प्रयोग झाले. त्यांत त्याने स्वतःला हिवताप टोचून घेतला. १९४९ साली गव्हर्नर अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी त्याच्या ९९ वर्षांची ८५ केली, म्हणून १९५३ साली तो पॅरोलसाठी पात्र ठरला. त्या वेळेपर्यंत त्याची जवळजवळ २९ वर्षं आत गेली होती. आधीची शिक्षा नाही, शिक्षण उत्तम, तुरुंगात शाळा चालवलेली. कुठल्याही गुणतक्त्यात असा माणूस वरच्याच गटात बसला असता. मंडळाने नकार दिला आणि पुढची सुनावणी १२ वर्षांनी ठेवली.

मला हे ‘१२ वर्षांनी’ फार बोलकं वाटतं. इतक्या लांबची तारीख देणाऱ्याला कैद्याचं पुढचं वर्तन बघायचंच नसतं. मंडळापुढे बसलेला लिओपोल्ड एकटा नव्हता. त्याच्या बाजूला १९२४ सालची सगळी वर्तमानपत्रं बसली होती. दयेच्या अर्जामुळे प्रकरण पुन्हा उघडलं आणि १९५८च्या फेब्रुवारीत कवी कार्ल सँडबर्ग स्वतः साक्षीला आला. त्याला माझ्या घरी ठेवून घेईन, असं तो म्हणाला. या वेळी मंडळाने होकार दिला. १३ मार्च १९५८ रोजी लिओपोल्ड बाहेर पडला आणि पोर्तो रिकोमधल्या कास्तान्येर गावी एका चर्चच्या इस्पितळात महिना १० डॉलरवर काम करू लागला. तिथे त्याने बेटावरच्या पक्ष्यांची सूची तयार केली. १९७१ साली वारला. पॅरोल त्याने कधी गमावला नाही.

१९५३ ते १९५८ या काळात तो माणूस म्हणून किती बदलला? माझं उत्तर: जवळजवळ नाही. बदललं ते बाहेरचं वातावरण. बॉबी फ्रँक्सच्या घरच्यांचं दुःख कशानेही कमी होणारं नव्हतं, आणि सुटकेला विरोध करणाऱ्यांना मी खोटं ठरवत नाही. पण त्यांचा प्रश्न शिक्षा पुरेशी झाली का, हा होता आणि मंडळाचा प्रश्न माणूस आता धोकादायक आहे का, हा असायला हवा होता. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की तक्त्याचा उपयोग संपतो.

त्यानंतरची दोन दशकं भरभर ओलांडू. जॉर्ज जॅक्सन नावाच्या माणसाला ७० डॉलरच्या दरोड्यासाठी ‘एक वर्ष ते जन्मठेप’ झाली आणि तो सुटलाच नाही. मंडळांच्या बेबंद अधिकारावर डावे चिडले, उजव्यांना मंडळं मवाळ वाटली. दोघांनी मिळून पॅरोलवर घाव घातला. १९७५ साली मेन राज्याने तो रद्द केला, मग कॅलिफोर्नियाने बहुतेक गुन्ह्यांसाठी, इंडियानाने, आणि १९७८ साली ज्या इलिनॉयने जगाला गुणतक्ता दिला त्या इलिनॉयनेही. १९७७ साली राज्यांच्या तुरुंगांतून सुटणाऱ्यांपैकी शेकडा ७२ जण मंडळाच्या निर्णयाने सुटत. २००० सालापर्यंत हे प्रमाण शेकडा २४वर आलं. तोवर १६ राज्यांनी मंडळाच्या मर्जीचा पॅरोल रद्द केला होता. तिथे मंडळापुढे उरले ते मुख्यतः जुन्या कायद्याखालचे कैदी.

जिथे तो उरला, तिथली टक्केवारी पाहिली की चक्रावायला होतं. अलाबामात २०१८ साली सुनावणी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना होकार मिळाला. २०२३च्या आर्थिक वर्षात तो शेकडा ८वर आला. पाच वर्षांत त्या राज्याचे कैदी एवढे बिघडले का? मधे घडलं ते असं: २०१८च्या जुलैमध्ये पॅरोलवर सुटलेल्या एकाने गंटर्सव्हिल गावात दोन स्त्रियांचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून केला. राज्य हादरलं, ते रास्तच होतं. कायदा बदलला, २०१९ साली ली ग्वाथनी मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. मंडळाचा स्वतःचा गुणतक्ता होता. बर्जेसच्या तक्त्याचा तो पणतूच. त्याप्रमाणे सुमारे ८० टक्के अर्जदार सुटकेला योग्य ठरत होते. मंडळ तो तक्ता बाजूला ठेवून नकार देत राहिलं. आणि अलाबामात सुनावणीला कैदी हजरच नसतो. त्याचे नातलग बोलतात, बळींचे नातलग बोलतात, सरकारचे वकील बोलतात. ज्याच्याबद्दल बोलणं चालतं तो कोठडीत निकालाची वाट बघत असतो. जॉर्जियात तर सदस्य फाइल वाचून आपापलं मत नोंदवतात. सुनावणी अशी होतच नाही.

मॅसॅच्युसेट्समध्येही हेच घडलं. २०१०च्या डिसेंबरात वोबर्न इथे पॅरोलवरच्या एका जन्मठेपेच्या कैद्याने पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालून मारलं. काही आठवड्यांत मंडळाच्या पाच सदस्यांचे राजीनामे घेतले गेले. नवे सदस्य आले, होकार घसरले. इलिनॉयमध्ये १९७८पूर्वी शिक्षा झालेले थोडे म्हातारे कैदी अजून मंडळापुढे येतात. त्यांच्या नंबरामागे ‘सी’ अक्षर असतं. त्यांतल्या काहींना सोडण्याच्या बाजूने मत दिलं म्हणून २०२२च्या मार्चमध्ये राज्याच्या सिनेटने मंडळावरच्या काही सदस्यांच्या नेमणुका फेटाळल्या, इतर काही जण स्वतःहून बाजूला झाले, आणि निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मंडळातल्या माणसाच्या जागी बसून पाहा. सोडलेल्यांपैकी एकाने जरी खून केला तर त्याचं नाव पेपरात येतं, पाठोपाठ सोडणाऱ्याचंही. सोडलेले शेकडो जण मुकाट्याने गॅरेजात काम करत राहिले तर त्याची बातमी होत नाही. आणि जे सोडायला हवे होते पण सोडले नाहीत, ते आत मेले तर ती चूक कोणाच्या खाती मांडली जात नाही. म्हणून सुटकेचा शेकडा हा कैद्यांच्या धोक्यापेक्षा मंडळाच्या भीतीचं मोजमाप आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्यात हा शेकडाही सरळ नसतो. कॅलिफोर्नियात २०१९ साली सुमारे ६,००० सुनावण्या ठरल्या होत्या आणि सुमारे १,२०० जणांना होकार मिळाला. शेकडा २० म्हणा हवं तर. पण ठरलेल्यांतल्या पुष्कळ सुनावण्या पुढे ढकलल्या गेल्या, कित्येक कैद्यांनी आपणहून माघार घेतली. प्रत्यक्ष निकाल लागलेल्याच धरल्या तर हाच आकडा तिसाच्या बराच वर जातो. एक राज्य पहिला भागाकार करतं, दुसरं दुसरा, आणि मग दोघांची तुलना छापली जाते. खेरीज कॅलिफोर्नियात खुनाच्या कैद्याला मंडळाने हो म्हटल्यावर गव्हर्नर ‘नाही’ म्हणू शकतो. तो अधिकार त्याला १९८८ साली मतदारांनी दिला. खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या लेस्ली व्हॅन हाउटनच्या बाबतीत तो पाच वेळा वापरला गेला. अखेर न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि २०२३ साली ती सुटली. मंडळाच्या टक्केवारीत हे नकार दिसत नाहीत.

स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०११ साली याच राज्याचा एक हिशेब मांडला. १९९५ पासून पॅरोलवर सुटलेले ८६० खुनी. त्यांतले नव्या गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात परत आले पाच, आणि त्यांच्यापैकी कोणीही पुन्हा खून केलेला नव्हता. प्रत्येक मंडळाने वर्षाअखेर होकारांचा शेकडा छापावा, आणि त्याच पानावर आधी सोडलेल्यांचं पुढे काय झालं तेही छापावं. कोण परत आला आणि कशासाठी, याच्या नोंदी प्रत्येक राज्याच्या तुरुंग खात्यात रोजच होत असतात. बर्जेसने १९२८च्या अहवालासाठी तीन तुरुंगांच्या कपाटांतून हाताने काढल्या, त्या याच नोंदी.