पन्नास डॉलरला विकलेलं गाणं
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनला व्हँकुव्हरच्या रेडिओ केंद्रावर सोडलं होतं. (हे वॉशिंग्टन राज्यातलं व्हँकुव्हर, कॅनडातलं नव्हे.) तिथे त्याने पदरमोड करून एक तबकडी काढली आणि आपल्याच कार्यक्रमात, सही केलेल्या फोटोसकट, एक डॉलरला विकली. धंदा बरा झाला, पण त्याने घर चालेना. मग टेक्ससला परत. बायबल विक, व्हॅक्यूम क्लीनर विक, असं करत १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वारी ह्यूस्टनला पोचली.

इथे त्याने एस्क्वायर बॉलरूममधल्या बँडचा प्रमुख लॅरी बटलर याला गाठलं आणि आपली गाणी दहा-दहा डॉलरला घेतोस का, असं सरळ विचारलं. बटलरने गाणी ऐकली आणि घ्यायला नकार दिला. इतकी चांगली गाणी अशी फुंकून टाकू नकोस म्हणाला, वर पन्नास डॉलर उसने दिले आणि बँडमध्ये कामही दिलं. दिवसा विली पॉल बस्कर्कच्या संगीत शाळेत गिटार शिकवी. विद्यार्थ्यांच्या पुढे तो जेमतेम एक धडा असायचा.

पण बटलरचा सल्ला फार दिवस टिकला नाही. ‘फॅमिली बायबल’ हे गाणं विलीने बस्कर्कला पन्नास डॉलरला विकलं आणि ‘नाइट लाइफ’ दीडशेला. १९६० मध्ये क्लॉड ग्रेने गायलेलं ‘फॅमिली बायबल’ कंट्रीच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं, तेव्हा तबकडीवर गीतकार म्हणून नावं होती ती दुसऱ्यांचीच.

या सौद्यात नेमकं काय गेलं, हे समजायला अमेरिकेतला तेव्हाचा हिशेब बघावा लागतो. १९०९ च्या कायद्याने ठरवलेला दर असा होता, की तबकडीची एक प्रत खपली की त्यावरच्या प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट. रिवाज असा, की त्यातला एक प्रकाशकाचा आणि एक गीतकाराचा. रक्कम चिल्लर वाटते, पण दहा लाख प्रती खपल्या तर गीतकाराच्या हाती दहा हजार डॉलर पडायचे. शिवाय रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते गीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला त्यातला छदामही नाही! त्यामुळे पन्नास डॉलर घेऊन नाव पुसायचं, म्हणजे झाडासकट आंबे विकायचे. विलीने मात्र पुढे याची फारशी खंत केली नाही. पैशांची नड होती, आणि आपलं गाणं चालतं हे कळलं, तेवढं त्याला पुरलं.

१९६० मध्येच तो नॅशव्हिलला आला. रायमन सभागृहाच्या मागच्या गल्लीतल्या टूटसीज या बारमध्ये गीतकारांचा अड्डा असे. तिथे गीतकार हँक कॉकरनने त्याची गाणी ऐकली आणि स्वतः नोकरीला होता त्या पॅम्पर म्युझिक या प्रकाशनात त्याच्यासाठी शब्द टाकला. मालक म्हणाले, पैसे नाहीत. तेव्हा कॉकरनने स्वतःची आठवड्याला पन्नास डॉलरची पगारवाढ सोडली आणि ती विलीला द्यायला लावली. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा कॉकरन.

१९६१ साली फॅरन यंगने विलीचं ‘हॅलो वॉल्स’ गायलं. गाणं गाजत होतं तरी विलीचा खिसा रिकामाच होता, कारण रॉयल्टीचा चेक यायला महिने लागतात. त्याने फॅरनला ते गाणं पाचशे डॉलरला देऊ केलं. फॅरनने ते विकत न घेता उलट पाचशे डॉलर उसने दिले. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मग विलीचंच ‘क्रेझी’. विलीच्या आवाजातला नमुना गायिका पॅट्सी क्लाइनला मुळीच आवडला नव्हता. हा माणूस कधी समेआधीच ओळ संपवतो, कधी सम निघून गेल्यावर सावकाश पोचतो. त्याच्यामागून गायचं तरी कसं? निर्माता ओवेन ब्रॅडलीने तो नमुना विसरून तिच्या ढंगाने गायला सांगितलं. जूनमधल्या मोटार अपघातात तिच्या बरगड्यांना मार बसला होता, त्यामुळे ऑगस्टमधल्या ध्वनिमुद्रणात वरचे सूर लागेनात. वादकांनी साथ भरून ठेवली आणि आवाज नंतर चढवला. तीन तासांत तीन-चार गाणी उरकणाऱ्या त्या गावात एका गाण्याला इतका वेळ म्हणजे चैनच. गाणं कंट्रीत दुसरं आणि पॉपमध्ये नववं आलं.

गंमत म्हणजे ज्या ढंगामुळे पॅट्सी वैतागली, त्याच ढंगात विली स्वतःच्या तबकड्यांवरही गात होता आणि कंपन्यांना त्याचं काय करावं कळत नव्हतं. लिबर्टीने १९६२ मध्ये त्याचा पहिला अल्बम काढला, ‘टच मी’ सातव्या क्रमांकावर पोचलं, पण तबकड्या बेताच्याच खपल्या. चेक मात्र येत होते. त्या पैशांतून त्याने नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपला शेत घेतलं आणि डुकरं पाळली. त्यातही तोटाच झाला. तिथली हकिकत पुढच्या आठवड्यात.