बेनेटांच्या घरातला हसरा बाप

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचताना मिसेस बेनेटचा वैताग येतो आणि मिस्टर बेनेटवर जीव जडतो. बाईंना मुलींच्या लग्नाखेरीज दुसरा विषय नाही. गृहस्थ हजरजबाबी, आपल्या पुस्तकांत रमणारे. पण १८१३ साली आलेली जेन ऑस्टिनची ही कादंबरी पुन्हा वाचली की हा जीव हळूहळू उडतो. पाच मुलींच्या नुकसानीत बापाचा वाटा मला जास्त मोठा वाटतो.

धाकट्या लिडियाचंच पाहा. लष्करी लाल डगल्याची भुरळ आईला तरुणपणी होती, ती मुलीत जशीच्या तशी उतरली. पंधरा-सोळाच्या लिडियाला ब्रायटनला जायचंय, कारण जवळच्या गावात असलेली पलटण तिथे हलली आहे. तिची मोठी बहीण एलिझाबेथ वडिलांना गाठून कळकळीनं सांगते, हिला आत्ताच आवरा, नाहीतर ती हाताबाहेर जाईल. मुलगी उथळ आहे हे वडिलांना पक्कं ठाऊक आहे. तरी ते जाऊ देतात. नाही म्हटलं तर घरात कटकट होईल ना! तिथूनच ती त्या पलटणीतल्या विकहॅम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर पळून जाते.

पैशाचीही तीच गत. वर्षाचं उत्पन्न २,००० पौंड, पण इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची. पुढेमागे मुलगा होईल आणि सगळं मार्गी लागेल, या भरवशावर शिल्लक टाकलीच नाही. मुलगा झाला नाही.

वडिलांचा खरा वारसा एलिझाबेथकडे आला. माणसांतला विक्षिप्तपणा टिपायचा, त्यावर हसायचं आणि झटकन मत बनवून मोकळं व्हायचं, हे तिनं त्यांच्याकडूनच उचललं. विकहॅम आणि पुढे तिचा नवरा होणारा डार्सी, दोघांच्याही बाबतीत ती फसते ती याच घाईमुळे. मात्र चूक उमगल्यावर ती स्वतःला कठोरपणे तपासते. वडिलांनाही लिडियामुळे पश्चात्ताप होतो, पण तो लवकरच ओसरेल हे तेच सांगून टाकतात.

आईवडिलांची अशी उणीव बेनेटांच्या घराबाहेरही दिसते. डार्सीचे आईवडील सज्जन होते. चांगलं काय ते त्यांनी शिकवलं, पण आपल्या घराबाहेरच्यांना तुच्छ मानू नये, हे शिकवायचं राहिलं. ही कबुली तो स्वतः एलिझाबेथजवळ देतो. कादंबरीतला मला सर्वांत आवडणारा भाग तोच.

आणि बेनेटांची किटी. लिडियाच्या मागे फरफटणारी ही मुलगी थोरल्या बहिणींच्या सहवासात राहू लागते आणि हळूहळू सुधारते. लिडिया तिला नाचाच्या समारंभांचं आमिष दाखवून आपल्याकडे बोलावत राहते. या खेपेला मात्र वडील तिला जाऊ देत नाहीत.